यंदा दशावताराच्या सीझनला बाबांना गावी न्यायचंय, कुठली जत्रा धरू?

केवडा_पुणे:
नमस्कार मंडळी. पुण्यात दिवाळी झाली की आमचं ठरलेलं असतं, डिसेंबरात सवाई, मधे एखादं नाटक, जानेवारीत लेकीच्या शाळेचं गॅदरिंग. पण यंदा ते सगळं बाजूला ठेवून बाबांना दशावतार, म्हणजे आमच्या कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, दाखवायचाय, तोही नाट्यगृहात नाही, जत्रेतला. बाबा मूळचे कुडाळ तालुक्यातले, एकोणिसाव्या वर्षी नोकरीसाठी मुंबईला आले ते तिकडचेच झाले, आता माझ्याकडे असतात, वय 74. जत्रेला जाऊन त्यांना वीसेक वर्षं झाली असतील. मागच्या महिन्यात रात्री दीडला पाणी प्यायला उठले तर हे हॉलमध्ये अंधारात मोबाईलवर दशावतार बघत बसलेले, आम्हाला जाग येऊ नये म्हणून आवाज अगदी बारीक केलेला, आणि उजवा हात मांडीवर पखवाजाच्या बरोबरीने चाललेला. मी तशीच मागे फिरले. तेव्हाच ठरवलं.

तर प्रश्न असे. सीझन नक्की कधी सुरू होतो, कुठली जत्रा धरावी (सोनुर्ली, आंगणेवाडी ही नावं ऐकलीत, तिथे जायचं का?), बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जमिनीवर बसता येत नाही तर रात्रभर बसायचं कसं, नऊ वर्षांची मुलगी जागेल का, आणि नवरा माझा अमरावतीकडचा, त्याला मालवणी ओ की ठो कळत नाही, त्याचं काय? आमच्याकडे सुट्टीचे तीन-चार दिवसच आहेत म्हणून आधीच विचारून ठेवतेय.

वेंगुर्ल्याचो_मास्तर:
ताई, तुमचा तो मांडीवरच्या हाताचा किस्सा वाचला आणि लगेच लिहायला बसलो.

सीझन म्हणाल तर कार्तिकी एकादशी, तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे जत्रा सुरू. त्रिपुरारीपासून जोर धरतो आणि मार्गशीर्षात तर एका रात्री चार-पाच गावांत जत्रा असतात, कुठे जाऊ आणि कुठे नको होतं. पुढे वैशाखापर्यंत, म्हणजे पाऊस तोंडावर येईपर्यंत कंपन्या, म्हणजे दशावताराच्या नाटकमंडळ्या, रोज रात्री कुठे ना कुठे उभ्या असतात. बहुतेक जत्रा तिथीवर असतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते, पंचांग बघून ठरवायचं. सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा त्रिपुरारीला लागूनच येते, लोटांगणाची जत्रा म्हणतात तिला. आंगणेवाडीच्या भराडीदेवीचं मात्र वेगळं, तिची तारीख पंचांगात शोधू नका, तिथे देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, साधारण फेब्रुवारीच्या आसपास, आणि गर्दी एवढी की गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला मी तरी तिथे नेणार नाही. दर्शनाच्या रांगेतच रात्र जायची.

आता रात्र कशी असते ते सांगतो म्हणजे तुम्हाला वेळेचा अंदाज येईल. दिवसभर ओट्या भरणं, केळी-नारळ, नवस फेडणं. रात्री पालखी निघते, देवळाभोवती प्रदक्षिणा होतात, आणि पालखी देवळात गेली की मग नाटक. म्हणजे कागदावर अकरा लिहिलं असलं तरी बारा-साडेबारा धरा. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग. गणपती येतो मुखवटा लावून, रिद्धिसिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद चोरणारा शंकासुर काळ्या वेशात येतो आणि विष्णू त्याचा वध करतो. तुमच्या अमरावतीकर मंडळींसाठी एवढंच सांगायचं की पुढच्या आख्यानात, म्हणजे मुख्य कथेत, देव, राजे, ऋषी सगळे पल्लेदार प्रमाण मराठीतच बोलतात, त्यांना ते अगदी नीट कळेल. मालवणी येते ती शंकासुराच्या तोंडी आणि विनोदी पात्रांच्या. शंकासुर तर समोर बसलेल्या गावकऱ्यांनाच धरतो, गावातला रस्ता, पाणी, कोणाचं लग्न ठरत नाही, सगळं त्याच्या बोलण्यात येतं. तेवढ्यापुरतं बाबांना शेजारी बसवा, ते सांगतील अर्थ. सांगताना त्यांनाही बरं वाटेल.

आणि एक गोष्ट पोरीला आधीच सांगून ठेवा, समोर जे चाललंय ते कुणी लिहून पाठ केलेलं नाही. पुराणातलं आख्यान ठरतं, कधी कधी तर संध्याकाळी रंगरंगोटी करता करता ठरतं, कोणाचं पात्र काय ते वाटून घेतात, आणि मग भाषण ज्याचं त्याने आयत्या वेळी उभं करायचं. समोरच्याने टाकलेला मुद्दा खोडून काढायचा, पुराणातला दाखला द्यायचा, पद म्हणायचं, आणि हे पहाटेपर्यंत. रंगमंचावर सामान काय तर एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, राणी आडवी झाली की पलंग, कोणी त्याच्यावर चढून उभा राहिला की डोंगर. माझी पोरगी लहान असताना घरी पाटावर हेच करायची.

चाकरमानी_डोंबिवली:
मास्तर बरोबर सांगतायत पण मी जरा वेगळं सुचवतो, राग नसावा. 74 वर्षांचा माणूस, डिसेंबरची रात्र, दंव पडतं, सकाळी डोकं जड होतं, वरून पुण्याहून घाटातून प्रवास. मी माझ्या आईला असंच नेलं होतं आणि दोन दिवस तिला ताप आला. त्यापेक्षा मुंबईत आमच्या लोकांची मंडळं नाट्यगृहात प्रयोग लावतात, दोन-अडीच तासांत होतो, खुर्ची, बाथरूम सगळं व्यवस्थित. किंवा गावीच जायचं असेल तर संयुक्त दशावतार बघा, वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले कलाकार एका रात्रीसाठी एकत्र येतात, राजपार्टी (राजाचं काम करणारा) एका कंपनीतली, स्त्रीपार्टी (बाईचं काम करणारा पुरुष) दुसऱ्या, खलनायक तिसऱ्या, आणि मग जी जुगलबंदी होते ती साध्या जत्रेत मिळत नाही. ट्रिकसीनवाले पण असतात, त्यात नाग काय येतो, पाळणा काय हलतो, धूर काय, नऊ वर्षांची मुलगी त्यालाच जास्त खूश होईल.

वेंगुर्ल्याचो_मास्तर:
राग कसला. आईंच्या तापाचं वाचून वाईट वाटलं आणि थंडीची काळजी खरीच आहे. ट्रिकसीनबद्दल मात्र मला मनापासून वाटतं की मुलीला पहिल्यांदा दाखवायचं असेल तर ते नको. धूर आणि लाइट तिला कुठेही बघायला मिळतील. एक माणूस नुसत्या बाकड्यावर उभं राहून डोंगर आहे म्हणतो आणि तिला खरंच डोंगर दिसतो, ते तिला आधी दिसू दे. संयुक्तला माझी ना नाही, बोलण्याची लढाई ऐकायची असेल तर तेच ऐकावं. पण बाबांना काय हवंय तो विचार करा. त्यांना नाटक तर मोबाईलवरही मिळतंय.

कणीक_आणि_पखवाज:
मी सहा वर्षं एका कंपनीबरोबर पखवाज वाजवला, आता नोकरीमुळे फक्त भजनाच्या डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याला बसतो. बाबांचा हात पखवाजाबरोबर चालत होता म्हणताय म्हणून लिहितो. त्यांना समोर नका बसवू, बाजूला बसवा. आमच्याकडे पायपेटीवाला, पखवाजवाला आणि झांजवाला स्टेजच्या एका अंगाला बसतात, तिथून सगळं कळतं. पायपेटी पायाने भाता मारत वाजवायची असते, दोन्ही हात मोकळे, म्हणून तो इतका वाजवू शकतो. नाटकाला दिग्दर्शक नसतो, असलाच तर तो पेटीवाला. भाषण लांबायला लागलं की तो हळूच सूर धरतो आणि नटाला कळतं की आता पद घे आणि आत जा. चाली बऱ्याचशा संगीत नाटकाच्या वळणाच्या, भीमपलास, मालकंस ऐकू येतो, आणि उजाडायला आलं की भैरवी.

स्टेजवर गणपती यायच्या आधी मी कणीक मळून पखवाजाच्या डाव्या पुडीला (कातड्याच्या तोंडाला) लावायचो, किती लावायची ते हाताला कळतं, जास्त झाली की आवाज बसतो. आणि मग तीन वाजता दंव पडायला लागलं की उजवी पुडी उतरते, एका पदाच्या आणि दुसऱ्या पदाच्या मधे हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून ती परत चढवायची, समोर राजा रागावून बोलतोय आणि तुमचं लक्ष अर्धं पुडीकडे अर्धं त्याच्या पायाकडे, कारण त्याने पाय आपटून गिरकी घेतली की लढाई सुरू आणि तिथे ठेका चुकला तर नाच चुकला. त्या युद्धाच्या नाचात दोन नट तलवारी घेऊन स्टेजभर फिरतात ना, ते सगळं पखवाजाकडे कान देऊन असतं. सकाळी पुडीची कणीक खरवडून काढताना बोटं वळायची नाहीत.

आणि दहा-साडेदहाला पोचून जमलं तर रंगपटात, म्हणजे नट रंगतात तिथे जा, देवळाच्या बाजूच्या खोलीत किंवा कनातीच्या आत असतो. विचारून गेलात तर कोणी नाही म्हणत नाही, फक्त मधे उभे राहू नका आणि फ्लॅश मारू नका. सगळे आपापली रंगरंगोटी स्वतःच करतात, हातात छोटा आरसा, समोर आपला पेटारा. आमच्याबरोबर स्त्रीपार्ट करणारे एक काका होते, दिवसा शेती, भात झालं की कुळीथ. रात्री दाढी दोनदा घोटून करायचे, सफेदा लावायचे, नऊवारी नेसायचे, बांगड्या चढवायचे आणि शेवटी पेटाऱ्याला डोकं टेकायचे. डोकं टेकेपर्यंत त्यांच्याशी बोलता यायचं, कुळथाचा भाव विचारला तर सांगायचे. डोकं वर केलं की मग कोणी हाक मारायची नाही. तुमच्या मुलीला हे नक्की दाखवा.

बाकी थंडीचं चाकरमानी म्हणतात ते खरं आहे, कानटोपी विसरू नका.

पेडणेकार:
आमच्या गोव्यातल्या पेडण्यातही हाच दशावतार, सिंधुदुर्गातल्या कंपन्या येतात आणि आमच्याकडच्याही आहेत, आम्ही जुनी माणसं त्याला कालो म्हणतो, कारण पहाटे नाटक संपलं की दहीहंडी फुटते आणि काला वाटतात. तेव्हा उठून जाऊ नका, अर्धे लोक झोप आली म्हणून चारला निघतात आणि काला राहतो. गोव्यात आणखी एक बघण्यासारखं आहे, देवळाच्या उत्सवात गावातली माणसं स्वतःच नाटक बसवतात, पौराणिक, संगीत, सामाजिक, काहीही. जांबावलीला दामोदराच्या शिशिरोत्सवात गुलाल असतो त्या दिवसांत रात्री नाटकं होतात, ते शिमग्यानंतर. तुमच्या सुट्टीत बसणार नाही पण पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा.

एक सांगतो, रत्नागिरीकडचं नमन-खेळे हे लोकनाट्य आणि हा दशावतार एक नव्हे. तिकडेही संकासुर आहे, तिकडेही काळा वेश आहे, म्हणून पुण्या-मुंबईची माणसं गोंधळ करतात. नमन शिमग्याचं, जाखडी हा नाच गणपतीतला, दशावतार जत्रेतला.

आणि लोकराजा सुधीर कलिंगण 2022 ला गेले तेव्हा आमच्याकडे तीन-चार दिवस माणसं दुसरं काही बोलत नव्हती. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे ते, वडील बाबी कलिंगण पण मोठे दशावतारी. तुमच्या बाबांनी बाबींना पाहिलेलं असणार, कुडाळ तालुक्यातले म्हणताय म्हणजे नक्कीच. विचारून बघा.

केवडा_पुणे:
पेडणेकार, विचारलं. बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला आणि मग पाऊण तास बोलले. बाबी कलिंगणांना त्यांनी पाहिलंय, एका जत्रेत नाही, चार-पाच जत्रांत, चालत जाऊन. एका रात्री नाटक संपवून परत येताना ओहोळात पाय घसरला आणि नवी चप्पल वाहून गेली, आजीने काही न बोलता दुसऱ्या दिवशी बाजारातून दुसरी आणली, हे मला आज पहिल्यांदा कळलं. मी त्यांची एकुलती एक मुलगी आणि मला हे माहीत नव्हतं.

कणीक_आणि_पखवाज, तुमचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, हा माणूस खरा वाजवणारा आहे.

आता खरं सांगते. जत्रा कुठली धरू हे मी विचारलं कारण आमच्या स्वतःच्या गावची जत्रा मला टाळायची होती. गावच्या घरावरून काकांच्या मुलांशी आमचं बिनसलंय, बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली. बाबा तो विषय काढतच नाहीत. म्हणून म्हटलं एखाद्या मोठ्या जत्रेत जाऊ जिथे कोणी ओळखणार नाही.

वेंगुर्ल्याचो_मास्तर:
मला थोडी शंका आली होतीच, कुडाळचा माणूस आणि लेक सोनुर्ली-आंगणेवाडी विचारतेय म्हणून.

ताई, मोठ्या जत्रेचा विचार सोडा. बाबांना त्यांच्या देवीच्या जत्रेलाच न्या. आमच्याकडे नाटकाला तिकीट नसतं याचं कारण ते नाटक देवीसाठी असतं, आपण बाजूला बसून बघतो. कुठल्या देवळात कुठल्या कंपनीने करायचं हेसुद्धा बऱ्याच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, कंपनी त्याला आपला हक्क समजते, एखाद्या वर्षी नाही आली तर देवीला काय वाटेल ही भीती असते. तसाच गावच्या माणसाचाही हक्क असतो. देवळाच्या आवारात त्या रात्री कोणी घराचा विषय काढत नाही, माझ्या उभ्या आयुष्यात मी काढलेला ऐकला नाही. कोर्टात समोरासमोर उभे राहणारे भाऊ मी एकाच पालखीला खांदा देताना बघितलेत, एक पुढच्या दांडीला एक मागच्या. दुसऱ्या दिवशी बोलले का, नाही बोलले. पण त्या रात्री पालखी चालली.

तुम्ही ओटी घेऊन जा, साडी, खण, नारळ, तांदूळ. बाबांच्या हातून ठेवा. राहायला कुडाळला किंवा सावंतवाडीला लॉज घ्या म्हणजे कोणाच्या दारात उभं राहायचा प्रश्न नाही. ट्रेनने आलात तर दोन्ही ठिकाणी स्टेशन आहे, गाडीने आलात तर कोल्हापूरवरून कुठलाही घाट धरा पण तो दिवसाउजेडी उतरा. दुपारी जेवून सगळ्यांनी झोप काढा, बाबांनी आणि मुलीने तर नक्की, संध्याकाळी ओटी, मग परत लॉजवर येऊन थोडं आडवं व्हायचं आणि अकराला निघायचं. खुर्ची घडीची घेऊन या, मागच्या बाजूला लोक खुर्च्या लावतात, कोणी हरकत घेत नाही. मुलीला चटई, गोधडी, ती शंकासुरापर्यंत जागेल, मग झोपेल, आणि लढाईचा पखवाज सुरू झाला की आपोआप उठेल. जत्रेतला गोड खाजा घ्या तिच्यासाठी, आल्याचा वास येणारा ताजा बघून. आणि बाबांना एखादं पद आवडलं तर बक्षीस द्यायला लावा, स्टेजजवळ जाऊन नोट द्यायची, नाव पुकारतात. गावाच्या नावासकट पुकारतात.

चाकरमानी_डोंबिवली:
मास्तरांचं वाचलं. मी माझं नाट्यगृहाचं मागे घेतो. ताई, गावचीच जत्रा करा. ताप आलेली माझी आई पुढची चार वर्षं तीच रात्र सांगत होती, ते मी वर लिहायचं राहून गेलं.

केवडा_पुणे:
तीन दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा, जरा वेळ हवा होता.

काल रविवारी चुलतभावाला फोन केला. नंबर होताच, अकरा वर्षं सेव्ह केलेला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं ते सगळं विसरले आणि एवढंच म्हटलं की बाबांना जत्रेला आणायचंय, यंदा आपली जत्रा कधी येते. तो बराच वेळ काही बोलला नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग तिथी सांगितली, कंपनी कुठली येते ते सांगितलं, पालखी यंदा कोणाच्या वाडीकडून निघणार ते सांगितलं. घराबद्दल त्याने काही काढलं नाही, मीही नाही. शेवटी म्हणाला, "काकांका खाली बसूक जमता मा?" मी म्हटलं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

"मगे खुर्ची नको हाडू. देवळातली आसा, पायपेटीच्या बाजूक घालून ठेवतंय."

मुलीची कानटोपी आज घेतली. लॉज कुडाळला बुक केलाय. बाबा पंचांग काढून बसलेत.